लंडन गेलं, आता मुंबई वाचवा

जानेवारी २०२६मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक होती, त्या सुमारास आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पालुपद सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. लंडनचा महापौर पाकिस्तानी, लंडन गेलं, आता मुंबई वाचवा. लिहिणारे सगळे मुलुंड-ठाण्याचे. उत्तर द्यायला अख्ख्या खानदानात लंडनमध्ये राहणारा मी एकटा.

तर एकदा सांगून टाकतो. तो महापौर, सादिक खान, दक्षिण लंडनमधल्या टूटिंगचा. जन्म तिथल्याच सेंट जॉर्जेस हॉस्पिटलातला, वडील पाकिस्तानातून येऊन इथे बस चालवायचे. त्याच्या आधी आठ वर्षं महापौर होता बोरिस जॉन्सन, ज्याचा जन्म न्यूयॉर्कचा. त्याला कुणी बाहेरचा म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. खानचा मी भक्त नाही, पण निदान शिव्या घालताना पत्ता तरी बरोबर टाका!

इथले लोक फार सभ्य आहेत असंही समजू नका. २०१६ला खानसमोर झॅक गोल्डस्मिथ होते, अब्जाधीश बापाचे चिरंजीव. त्यांच्या प्रचाराची पत्रकं भारतीय आणि तमिळ आडनावं हेरून घरोघर गेली. त्यांत काय, तर खानचा पक्ष तुमच्या घरच्या दागिन्यांवर कर लावेल. सोबत मोदींचंही नाव. आपल्याकडे मंगळसूत्र प्रचारात आलं २०२४ला, इथे ते आठ वर्षं आधीच येऊन गेलं होतं. आमच्या दारात असलं काही पडलं नाही. मराठी माणसाला कुणी हिशेबात धरत नाही ही आपली जुनी तक्रार, ती लंडनच्या हॅरोतही लागू पडली म्हणायची.

खान निवडून आला, दुसऱ्या पसंतीची मतं धरून जवळजवळ ५७ टक्क्यांनी. हा आकडा मी ग्रुपवर टाकला. लोकांनी ती पत्रकं केराच्या टोपलीत टाकली, शहाणी माणसं अशी वागतात, असंही लिहिलं. २०२४च्या निवडणुकीआधी लंडन कसं रसातळाला गेलंय हे दाखवायला विरोधकांनी काढलेल्या व्हिडिओत न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनातली पळापळ घुसडली होती. ते मात्र मी लिहिलं नाही. घरच्यांना कशाला आयतं कोलीत द्या?

आणि तुमच्याकडे भांडण कशावरून? लंडनचा महापौर २०००पासून लोक थेट निवडतात, ट्यूब म्हणजे इथली भुयारी रेल्वे आणि बस त्याच्या हाताखाली. मुंबईत महापौराला निवडणार २२७ नगरसेवक, मुदत अडीच वर्षं, आरक्षण सोडतीने ठरणार आणि कारभार बघणार आयुक्त. २०२५-२६चं बजेट ७४,४२७ कोटींचं, पण महापौराच्या हाती मुख्यतः सभागृहाची घंटा. मार्च २०२२पासून जवळपास चार वर्षं तिथे एकही नगरसेवक नव्हता, सगळं प्रशासकाच्या हातात. तेव्हा ग्रुपवर 'मुंबई वाचवा' कुणाला सुचलं नाही. सगळे वाढदिवसाचे केक टाकत होते.

इथवर मी अगदी फॉर्मात होतो. मग मुंबईत प्रचाराला आलेले तमिळनाडूचे भाजप नेते अण्णामलाई बोलले, मुंबई हे महाराष्ट्राचं नव्हे, आंतरराष्ट्रीय शहर आहे, अशा अर्थाचं काहीतरी. मी तेव्हा ट्यूबमध्ये होतो, आणि माझ्या तोंडून शुद्ध मुलुंडी शिवी बाहेर पडली. समोरच्या बाईने फोनमधून मान वर करून पाहिलं. मीरा-भाईंदरमध्ये उत्तर भारतीय महापौर बसवू, हे भाजपच्या कृपाशंकर सिंहांचं बोलणं ऐकूनही तसंच झालं होतं. शिवाजी पार्कच्या सभेत राज ठाकरेंनी अण्णामलाईंची 'रसमलाई' केली, साठच्या दशकातली दाक्षिणात्यांविरुद्धची ती लुंगी-पुंगीची घोषणा पुन्हा काढली, आणि मी हसलो. मोठ्याने. बायको म्हणाली, "हेच इथे कुणी आपल्याला म्हटलं तर काउन्सिलकडे तक्रार करशील."

करेन. पण मुंबईची गोष्ट वेगळी, असं मला अजूनही वाटतं. लंडन इंग्लंडपासून तोडून केंद्रशासित करा असं कुणी म्हटलं नव्हतं, त्यासाठी इथे कुणी गोळ्या खाल्ल्या नव्हत्या. आपल्याकडे हुतात्मा चौक आहे. युसुफ मेहेरअली १९४२ला मुंबईचे महापौर झाले, त्यांच्या पाठोपाठ मिनू मसानी, कुणी त्यांची मातृभाषा काढली नाही हेही खरं. पण तेव्हा 'मुंबई तुमची नाही' असं कुणी मराठी माणसाला तोंडावर सांगतही नव्हतं. हे सगळं मी मावसभावाला लिहून पाठवलं.

त्याचं उत्तर आलं, "अरे, तू तिकडे त्यांच्या महापौराला मत देतोस ना? मग इथल्या मिश्रांनी का नाही उभं राहायचं?"

देतो ना. कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून देतो. २०२४ला प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये फोटो आयडी मागितला, तेव्हा टेबलावर भारतीय पासपोर्ट ठेवला, तीन सिंहांचा. मुलीने यादीवर पट्टी धरून माझं नाव शोधलं, रेघ मारली, मतपत्रिका दिली. पेन्सिलीने फुली मारून मी बाहेर. कुठून आलास, किती वर्षं झाली, इथली भाषा येते का, कुणी विचारलं नाही. त्या दिवशी मला हे शहर माझं वाटलं, आणि मुलुंडमध्ये कुणी मिश्रा तेच म्हणतो तेव्हा माझ्या कपाळावर आठी येते. दोन्ही खरं आहे. कितीही घोळवलं तरी यातून माझी सुटका होत नाही.

मावसभावाने परवा यादी तपासली. मुलुंडच्या मतदार यादीत माझं नाव अजून आहे म्हणे, जुन्या चाळीच्या पत्त्यासकट. मला बरं वाटलं आणि तसं मी लिहिलंही. त्यावर तो म्हणाला, बाहेरची नावं यादीतून काढायची मोहीम चालू आहे, सुरुवात तुझ्यापासूनच करतो.