जाड दांडा, बारीक रेघ

आमच्या खान्देशात पत्रिकेत नाव राहिलं तर माणूस लग्नाला येत नाही, आणि नाव बारीक छापलं तर येतो, पण वरण-बट्टीच्या पंगतीत शेवटच्या बट्टीपर्यंत तेच बोलत राहतो. त्यामुळे पुतणीच्या लग्नात पत्रिकेचं खातं माझ्या गळ्यात पडलं तेव्हा बाकीच्या घराने सुटकेचा निःश्वास टाकला. माझी पात्रता एवढीच की मला कॉम्प्युटर चालू करता येतो, आणि मला कुणी काही बोललं तरी मी मनावर घेत नाही असा सर्वांचा सोयीस्कर समज आहे.

पुतणी पुण्यात नोकरीला. तिने हॉलच्या आधी फॉन्ट बुक केला होता: रोझा वन. इंडियन टाइप फाउंड्रीचा, फुकट मिळणारा, नागरी आणि रोमन दोन्ही लिप्यांचा. दिसायला राजबिंडा. उभे दांडे तालमीतल्या पैलवानाच्या मांडीसारखे आणि बारीक रेघा इतक्या बारीक, की अक्षर कशाच्या आधाराने उभं आहे असा प्रश्न पडावा.

अमळनेरच्या छापखान्यातल्या पोराने स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, हा मोठ्यातच चांगला दिसतो. लहान केला का रेघा जातात." अख्ख्या प्रकरणात शहाणं बोलणारा हा एकच माणूस. त्याचं अर्थातच कुणी ऐकलं नाही.

खरं तर या अक्षरांच्या घराण्याचा स्वभावच तसा. इटलीत पार्मा गावी बोडोनी (१७४०–१८१३) नावाचा मुद्रक होऊन गेला. गुळगुळीत कागद आणि चांगली छपाई असली की केसाएवढी रेघ उठवायची चैन करता येते, आणि त्याने ती मनसोक्त केली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या जाहिरातवाल्यांनी तसल्याच अक्षरांना खाऊपिऊ घालून लठ्ठ केलं आणि लॉटरीच्या पोस्टरांवर चढवलं. नावच पडलं 'फॅट फेस'. म्हणजे या अक्षरांचा जन्म भिंतीवरून ओरडण्यासाठी. चुलत्यांची यादी कुजबुजण्यासाठी नव्हे. रोमन अक्षरांच्या टोकांना सेरिफ म्हणून छोटी पावलं असतात, तिथे थोडा नखरा करता येतो. नागरीला पावलं नाहीत, डोक्यावर शिरोरेघा. मग सगळा थाट जाड-बारकात.

वधूवरांची नावं मात्र देखणी उतरली, ते नाकारून चालणार नाही. 'श्री'चा पोटाचा फुगवटा, त्यातून निघणारी बारीक शेपटी, 'चि. सौ. कां.'सुद्धा एकदम खानदानी वाटायला लागलं. इथे थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण प्रूफ भाऊसाहेबांनी पाहिलं. भाऊसाहेब आमचे थोरले चुलते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "वरची दोन नावं सोन्याची, आणि खालची आमची पितळेची का?" साध्या अक्षरातली यादी म्हणजे आपला अपमान, हे बघता बघता सगळ्या भाऊबंदकीला पटलं. निमंत्रक, स्वागतोत्सुक, आपले विनीत, मामेमंडळी, आणि "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" म्हणणारी किलबिल, जिच्यातल्या निम्म्यांना अजून दात आलेले नाहीत, सगळी रोझात बसवायचं ठरलं. मरून कार्ड, त्यावर सोनेरी शाई, स्क्रीन प्रिंटिंग. पोराने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

नमुना आला. नागरीत 'भ' आणि 'म' यांच्यात फरक किती? डोक्यावरची एक गाठ आणि शिरोरेघेतली फट. सोनेरी शाईने ती फट इमानदारीने बुजवली होती. आजी भिंग घेऊन बसली. एकेक नाव बोटाने चाचपत खाली आली, थांबली आणि म्हणाली, "हाऊ माऊसाहेब कोन शे रे भो?"

घरात जी शांतता पसरली ती पोरांनी मोडली. 'म्याव' कुणी केलं त्याचा तपास अजून चालू आहे. धनराजमामाही 'घनराज' झाले होते, पण त्यांना ते जास्त भारदस्त वाटलं, म्हणून त्यांनी तक्रार केली नाही.

भाऊसाहेबांनी तोडगा काढला: "मग मोठं करा." सगळंच मोठं केलं तर पत्रिका पंचांगाएवढी जाड होत होती. शेवटी यादी साध्या, एकसारख्या जाडीच्या फॉन्टात गेली आणि भाऊसाहेबांचं नाव तेवढं एक पॉइंट वाढवलं. कुणाच्या लक्षात येणार नाही असं मला वाटलं होतं. धाकट्या चुलत्यांनी फूटपट्टी आणली.

लग्नाच्या दिवशी मांडवाच्या दाराशी फ्लेक्स लागला. त्यावर रोझा, आणि स्वागतोत्सुक म्हणून भाऊसाहेबांचं नाव, हातभर उंचीचं. 'भ'ची गाठ रस्त्यापलीकडून दिसत होती. बारीक रेघासुद्धा बोटाएवढ्या, ताठ. अक्षर पहिल्यांदा आपल्या जागी आल्यासारखं दिसत होतं. भाऊसाहेब फेटा सावरत त्याखाली उभे राहिले आणि फोटोग्राफरला म्हणाले, "नाव पूर्ण येऊ दे, मी अर्धा आलो तरी चालंल."

तेवढ्यात मागून धनराजमामांचा आवाज आला, "फ्लेक्सवर आमचं नाव दिसत नाही कुठं?"