‘लिंकचं रडगाणं’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

पीपीटीतलं (पॉवरपॉइंटच्या स्लाइडशोतलं) गाणं मध्येच का बंद पडतं, यावर मी लेख लिहिला होता. गाणं बरेचदा फाइलीत नसतंच, तिथे असते नुसती लिंक, म्हणजे गाणं कुठे ठेवलंय त्याचा पत्ता, असं त्यात म्हटलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत: “२०१० नंतर गाणं फाइलीतच बसतं, तुमचं लिंकचं रडगाणं कालबाह्य आहे. अभ्यास न करता लिहून शिक्षकांची दिशाभूल करू नका. चित्रंही नीट दिसत नाहीत. ‘प्ले इन बॅकग्राउंड’ दाबलं की काम होतं, त्याला एवढा लेख कशाला?” खाली नाव नाही. मतभेद असू द्या, पण नाव न घालता ‘अभ्यास न करता’ म्हणणं मला लागलं.

चित्रांचं मान्य. मोबाइलवर ती बारीक दिसतात, मोठी करून टाकते.

आता २०१०चं. पॉवरपॉइंट २०१० पासून गाणं आपोआप फाइलीत साठवलं जातं, हे मी लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय. ते न वाचता तुम्ही मला अभ्यास करायला सांगताय. आणि ही सोय नव्याने घातलेल्या गाण्यापुरती आहे. २००३ किंवा २००७ मध्ये घातलेलं एमपीथ्री लिंकच असायचं. आत बसायची ती फक्त वेव्ह (.wav) या प्रकारची आवाजाची फाइल, तीही मुळात १०० केबीपर्यंतची. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला साधारण १७६ केबी लागतात, म्हणजे एवढ्या जागेत शाळेची घंटासुद्धा पुरती वाजणार नाही. मर्यादा ५०,००० केबीपर्यंत वाढवता यायची, पण ते सांगणारं कोणी नव्हतं.

अशी फाइल आज नव्या पॉवरपॉइंटमध्ये उघडली म्हणून तिच्यातलं गाणं आपण होऊन आत येत नाही. आत असतो तो नुसता पत्ता, जुन्या कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हचा. शिवाय नव्या व्हर्जनमध्येही गाणं निवडताना ‘इन्सर्ट’शेजारच्या बाणाखाली ‘लिंक टू फाइल’ आहेच. मग कालबाह्य काय झालं? दरवर्षी त्याच जुन्या पीपीटीत फोटो बदलून काम भागवणाऱ्या शाळा तुम्ही पाहिल्या नसतील. मी रोज पाहते.

कारण मी शाळेत संगणक शिकवते. स्नेहसंमेलन असो की निरोप समारंभ, पीपीटी शेवटी माझ्याच टेबलावर येते. आमच्या एका बाईंच्या निरोपाला मुलांनी स्वतःचे आवाज रेकॉर्ड करून स्लाइडशो केला होता. घरच्या कॉम्प्युटरवर चोख वाजला. हॉलमधल्या लॅपटॉपवर स्पीकरचं चित्र तेवढं दिसलं, कारण पेनड्राइव्हवर फक्त पीपीटी आली होती आणि आवाज घरीच राहिले होते. बाई समोर बसलेल्या, मुलं रडवेली. तेव्हापासून मी प्रत्येक वर्गाला सांगते की आधी एक फोल्डर करा, त्यात गाणं ठेवा, पीपीटी त्यातच सेव्ह करा आणि मग गाणं घाला. न्यायचं तर अख्खं फोल्डर न्या. गाणं आतच बसलं असेल, तरी याने काही बिघडत नाही. याला दिशाभूल म्हणत असाल तर ती मी करत राहणार.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. तुमच्या पीपीटीएक्स (नव्या प्रकारच्या पॉवरपॉइंट) फाइलीची कॉपी करा, नावाचं शेपूट ‘.pptx’ बदलून ‘.zip’ करा आणि उघडा. आत ‘पीपीटी’ नावाचं फोल्डर, त्यात ‘मीडिया’. तिथे गाण्याची फाइल असेल तर गाणं आत आहे. नुसती चित्रं दिसली तर लिंक आहे, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर ते गप्प बसणार.

‘प्ले इन बॅकग्राउंड’बद्दल थोडक्यात. ते बटण गाणं आपोआप सुरू करतं, सगळ्या स्लाइडवर चालवतं आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून लावतं. एकच गाणं असेल तर छान. पण तिसऱ्या स्लाइडनंतर आजींचा आवाज असेल, तर गाणं त्याच्यावर वाजत राहतं. तिथे ‘ॲनिमेशन पेन’ या चौकटीतल्या ‘इफेक्ट ऑप्शन्स’मध्ये जाऊन किती स्लाइडनंतर थांबायचं ते भरावं लागतं. लेख लांबला तो यासाठी.

बाकीच्या शेऱ्यांवर वेळ घालवत नाही. झिप उघडून काय दिसलं ते जरूर लिहा, मी उत्तर देईन. फक्त या वेळी नाव घाला, आणि ‘दिशाभूल’ हा शब्द मागे घ्या.