तुमची वाघीण आणि माझी चुकलेली ओळ : तासगावच्या दादांना उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी शाळेत जाण्याआधी पुन्हा वाचली. तिचं उत्तर दोन ओळींत देणं बरं दिसणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. प्रवासाला आणि जंगलात न्यायच्या छोट्या कॅमेऱ्यांवरच्या माझ्या लेखात एक ओळ होती : एक इंची सेन्सरचा (सेन्सर म्हणजे फोटो टिपणारी चिप), २४-२०० मिलिमीटर झूमचा, खिशात मावणारा कॅमेरा असला की कासपासून ताडोबापर्यंत सगळीकडे भागतं. या ओळीवर विसंबून दादांनी तसा कॅमेरा घेतला. द्राक्षाचा हंगाम उरकल्यावर आईला घेऊन महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूर आणि तिथून ताडोबा गाठलं. दुसऱ्या सफारीत वाघीण दिसली, पण पाणवठ्याच्या पलीकडच्या काठावर, साठेक मीटरवर. घरी येऊन पाहिलं तर फोटोभर गवत आणि पाणी, त्यात वाघीण एवढीशी. दादा लिहितात, "ताई, तुमचं ऐकलं आणि वाघ घालवला. आईला फ्रेम करून द्यायचा होता. लहान कॅमेरे ही खेळणी आहेत, आता डीएसएलआर आणि १५०-६०० ची लेन्स घेणार. शेजाऱ्याकडे निम्म्या पैशात दोन हजार मिलिमीटरचा झूम आहे, चंद्रावरचे खड्डे दिसतात त्यात. तो का नाही सांगितलात? दुकानदाराकडून काही मिळतं का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही, कुणाकडून एक रुपयाही मिळत नाही. कॅमेरे मी माझ्या पगारातून घेतलेत आणि जुने विकून नवे घेतलेत.

आता मुख्य गोष्ट. ती ओळ चूक होती आणि ती चूक माझी आहे. मी ताडोबात गेले तेव्हा वाघ आमच्या जिप्सीसमोरून रस्ता ओलांडून गेला, फार तर बारा मीटरवरून. २०० मध्ये तो फोटोभर मावला. त्या एका सकाळच्या नशिबावर मी सगळ्यांसाठी नियम लिहून टाकला. तुमचा प्रवास, सफारीचे पैसे आणि आईची हौस त्या नियमावर गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतंय.

लिहायला हवं होतं ते हे गणित. कॅमेऱ्यांच्या झूमचे हे २००, ६०० असे आकडे म्हणजे फुल फ्रेमच्या, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या, हिशेबातली फोकल लेन्थ. तिने ३६ ला भागायचं आणि अंतराने गुणायचं, की त्या अंतरावर फोटोत किती रुंदीचा पट्टा मावतो ते कळतं. माझा वाघ १२ मीटरवर होता, म्हणजे २०० ला साधारण २.१६ मीटरचा पट्टा. शेपूट सोडून वाघाचं अंग पावणेदोन-दोन मीटर धरा, फोटो भरला. तुमची वाघीण ६० मीटरवर, म्हणजे पट्टा १०.८ मीटरचा. ती त्याचा सहावा भाग. यात तुमच्या हाताचा दोष नाही आणि कॅमेऱ्याचाही नाही. ४०० असतं तर पट्टा ५.४ मीटर झाला असता आणि वाघीण फोटोचा तिसरा हिस्सा. ६०० ला पट्टा ३.६ मीटर, म्हणजे निम्मा फोटो वाघिणीचा, भोवती थोडं पाणी आणि गवत. फ्रेम करायला असाच फोटो हवा असतो.

हेच गणित शेजाऱ्यांच्या दोन हजारला लावा. ६० मीटरवर पट्टा १.०८ मीटरचा, वाघीण अर्धी बाहेर. म्हणजे त्यांनाही झूम मागे घेऊन ६०० च्या आसपासच थांबावं लागलं असतं. दोन हजार कामाला येतो तो दीडशे-दोनशे मीटरवर, आणि एप्रिलच्या उन्हात तेवढ्या लांबवरची हवा तापून थरथरत असते. डांबरी रस्त्यावर दुपारी पाणी हलल्यासारखं दिसतं ना, तेच फोटोत उतरतं. कितीही महाग काच लावली तरी मधली हवा तीच राहते.

चंद्राचं म्हणाल, तर चंद्राचा फोटो सोपा असतो. त्याच्यावर लख्ख ऊन पडलेलं असतं, म्हणून शटर भरपूर वेगाने मारता येतं, आणि तो फारसा हलतही नाही. वाघ भेटतो सकाळी सहाला बांबूच्या सावलीत, चालत असताना. तिथे प्रश्न उजेडाचा असतो. 'एक इंची' सेन्सर प्रत्यक्षात इंचभर नसतो, तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. तरीही लांब झूमच्या स्वस्त कॅमेऱ्यांमधल्या सेन्सरच्या चौपट त्याचं क्षेत्रफळ भरतं. त्यात दोन हजार झूमच्या निकॉन पी९५० सारख्या कॅमेऱ्याची काच पूर्ण झूमला एफ/६.५ पर्यंत अरुंद होते; एफचा आकडा वाढला की आत येणारा उजेड कमी. अंधूक उजेडात आयएसओ, म्हणजे कमी उजेड वाढवून घेण्याची पातळी, चढतो, त्याने फोटोभर बारीक डाग येतात, कॅमेरा ते पुसायला जातो आणि त्या पुसण्यात अंगावरचे केस जाऊन रंगाचा लेप उरतो. स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, चालणाऱ्या वाघाला थांबवत नाही. त्याच्यासाठी सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आसपासचं शटर लागतं आणि त्याला उजेड लागतो.

तरीही तुमच्या शेजाऱ्यांना वाईट कॅमेरा घेतला असं म्हणू नका. आमच्या मायणीच्या तलावावर, भर उजेडात, पलीकडच्या काठाला बसलेला पक्षी ओळखायचा असेल तर त्या झूमपुढे माझा कॅमेरा कमी पडतो. ज्याला पक्ष्यांची यादी करायची आहे त्याने तोच घ्यावा. तुम्हाला वाघ हवाय.

आता तुमच्या डीएसएलआरकडे येते, आणि इथे मी तुमच्याशी वाद घालणार आहे. मोठा सेन्सर आणि १५०-६०० यांचे फोटो सगळ्यात चांगले येतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ती लेन्स एकटीच दोन किलोच्या घरात जाते. जिप्सीत सहा पर्यटक, गाइड आणि ड्रायव्हर. तुमच्या शेजारी आई. वाघाच्या चाहुलीने चितळ ओरडलं की ड्रायव्हर गाडी अशी काढतो की एक हात दांड्याला धरावाच लागतो, दुसऱ्या हाताने आईला सावरायचं, मग ते धूड कुणी धरायचं? शिवाय १५० च्या आत ती लेन्स येतच नाही. वाघीण बघून आईच्या चेहऱ्यावर जे उमटलं असेल ते टिपायला २४-३५ लागतं, म्हणजे दुसरा कॅमेरा किंवा धुळीत लेन्स बदलणं. पुढच्या गाडीमागून जाताना ती लाल धूळ कशी बसते तुम्ही पाहिलंय. संध्याकाळी उतरताना भुवयासुद्धा लाल झालेल्या असतात. त्यात सेन्सर उघडा करायचा म्हणजे पुढचं वर्षभर प्रत्येक फोटोच्या आभाळात ठिपके. आणि मोबाइलवर विसंबूनही चालत नाही, कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागात, त्याला बंदी आहे. जवळचं आणि लांबचं, दोन्ही त्या एकाच कॅमेऱ्यातून यायला हवं.

दुसरं, वर्षाचे बाकीचे दिवस. दोन वर्षांतून एकदा ताडोबा, एरवी बागेतले घड, घरची लग्नं, पावसाळ्यात कास, असं तुम्हीच लिहिलंय. दोन किलोची लेन्स कपाटात राहते, मी घरातच पाहिलंय. माझ्या भावाने हौसेने घेतली आणि तिसऱ्या वर्षी बुरशी लागली. फक्त ताडोबासाठीच हवी असेल तर पुण्यात चार दिवस भाड्याने आणा.

मग घ्यायचं काय? तुमच्यासाठी माझं उत्तर सोनी आरएक्स१० मार्क ४. एक इंची सेन्सर, २४-६००, आणि ६०० लाही काच एफ/४ राहते. वजन बॅटरीसकट १,०९५ ग्रॅम. खिशात मावत नाही, पण गळ्यात दिवसभर राहतो. लेन्स बदलायची नसते, धुळीपासून बऱ्यापैकी बंदिस्त आहे. डोळ्याला लावून बघायची खिडकी आहे, आणि एप्रिलच्या उन्हात मागचा पडदा दिसतच नाही तेव्हा तिचं मोल कळतं. २०१७ चा कॅमेरा आहे म्हणून नाक मुरडू नका. सेकंदाला २४ फोटो आणि चालत्या जनावरावर टिकणारा फोकस वाघाला आजही पुरतो. पैसे मात्र बरेच जातात. तेवढं नको असेल तर पॅनासॉनिक एफझेड१००० मार्क २ : २५-४००, तोच एक इंची सेन्सर, वजन आठशे ग्रॅमच्या आसपास. वर सांगितलेला तिसरा हिस्सा वाघ तुम्हाला मिळेल. मायक्रो फोर थर्ड्सची, म्हणजे लहान सेन्सरची पण लेन्स बदलता येणारी, छोटी बॉडी आणि १००-३०० लेन्स (फुल फ्रेमच्या हिशेबात २००-६००) हाही हलका मार्ग आहे, पण लेन्स बदलण्याची कटकट परत आलीच.

जुना घेणार असाल तर एक करा. पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ/११ वर काढा, आधी २४ ला आणि मग पूर्ण झूम करून, आणि मोठा करून बघा. करडे ठिपके दिसले तर आत धूळ गेलीय. या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, त्यामुळे ती साफ करणं महाग पडतं. असा कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्या.

आणि एक पिशवी शिवून घ्या. माझी जुन्या जीनच्या पायाची आहे, वीतभर रुंद, एका तोंडाला चेन, आत दोन किलो शाळू. जिप्सीच्या दांड्यावर ती घोड्याच्या खोगिरासारखी दोन्हीकडे लोंबकळत टाकायची आणि तिच्यात कॅमेरा रुतवायचा. इंजिन बंद करायला लावलं की ६०० लाही हात हलत नाही. इंजिन चालू असलं तर पिशवीचा उपयोग नाही, उलट गाडीची थरथर थेट कॅमेऱ्यात येते. हे मी पहिल्या दोन सफारी वाया घालवून शिकले. प्रवासात पिशवी रिकामी न्या, तिकडे तांदूळ भरा.

ताडोबाच्या आधी सराव सागरेश्वरला करा. तासगावपासून लांब नाही, चितळ आहेत, सांबर आहेत, आणि संध्याकाळी झाडोऱ्यातला उजेड ताडोबासारखाच पडतो. तिथे दोन संध्याकाळी काढल्यात की आयएसओ कुठवर चढवायचा ते तुमचं तुम्हालाच कळेल. माझा कॅमेरा आठवडाभर न्या, साताऱ्याला कधीही या.

तुमच्या हातातला छोटा कॅमेरा विकू नका. कासला पायवाटेच्या कडेला गुडघ्यावर बसून सीतेची आसवं ही फुलं टिपायला, बागेत घडावरचं दव धरायला तोच बरा, आणि तो कायम खिशात असतो. माझ्या लेखातली ओळ आज बदलली आहे. तिथे आता साठ मीटरचं गणित आहे, आणि ते एका वाचकामुळे आलं असंही लिहिलंय.

राहिली तुमची वाघीण. ती गेलेली नाही असं मला वाटतं. तुमच्या कॅमेऱ्याचा फोटो ५,४७२ पिक्सेल रुंद असतो. वाघीण त्याचा सहावा भाग, म्हणजे नऊशेच्या आसपास पिक्सेल तिच्या वाट्याला आलेत. तिच्यासकट अठराशे पिक्सेल रुंदीचा भाग ठेवून बाकीचं कापलं, तर इंचाला तीनशेच्या हिशेबाने सहा इंच रुंद प्रिंट निघते. सहा बाय चारच्या फोटोत निम्म्या रुंदीची वाघीण. फोकस तिच्यावर असेल आणि हात फार हलला नसेल तर आईच्या फ्रेमपुरतं होईल. मला कार्डावरची मूळ फाइल पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते पिक्सेल वाटेतच कमी होतात. कापून, थोडा उजेड वाढवून रविवारपर्यंत परत करते. प्रिंट तुम्ही सांगलीत काढा, मॅट कागदावर.