नाटोचं कलम ६ आणि आपला गोवा

युक्रेनचा विषय निघाला की आमच्या ग्रुपवर दोन वाक्यं ठरलेली. एक, 'नाटो रशियाच्या दारात गेली म्हणून हे झालं.' दुसरं, 'युक्रेन नाटोत असता तर सगळे देश त्याच्यासाठी युद्धात उतरले असते.' ही वाक्यं ठोकून देणाऱ्यांनी अमेरिका आणि युरोपीय देशांची ही लष्करी युती ज्यावर उभी आहे, तो करार कधी उघडून पाहिलेला नसतो. अवघी १४ कलमं आहेत, चहा गार व्हायच्या आत वाचून होतात.

मी म्हणेन, कलम ६ पासून सुरुवात करा, कारण त्यात आपला संबंध येतो. १९४९ साली नाटो स्थापन करणाऱ्या १२ देशांत पोर्तुगाल होता. तिथे सालाझारची हुकूमशाही होती आणि कराराच्या प्रस्तावनेत लोकशाहीचं गुणगान होतं. पण अझोर्स बेटं पोर्तुगालची, आणि अटलांटिक ओलांडणाऱ्या अमेरिकन विमानांना तिथला तळ हवा होता. मग लोकशाही कोण विचारतो!

म्हणजे डिसेंबर १९६१ मध्ये आपलं सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा ते नाटोच्या एका संस्थापक सदस्याशी लढत होतं. सालाझार तर गोव्याला वसाहत मानायलाच तयार नव्हता, त्याच्या लेखी तो पोर्तुगालचाच प्रांत. तरी नाटो आली नाही, कारण कलम ६ नुसार करार लागू होतो तो युरोप, उत्तर अमेरिका आणि उत्तर अटलांटिकच्या टापूत, तोही कर्कवृत्ताच्या उत्तरेला. गोवा कुठे, पंधरा अंशांवर अरबी समुद्रात. युरोपच्या वसाहती राखायला आपली पोरं पाठवायची अमेरिकेची तयारी नव्हती. फ्रान्सने तेवढा हट्टाने अल्जीरिया करारात घालून घेतला होता. पण १९५४ साली तिथे युद्ध पेटलं तेव्हाही फ्रान्सच्या बाजूने लढायला कुणाचं सैन्य गेलं नाही. कागदावर नाव असूनही!

अमेरिका गोव्यात सैन्य घेऊन आली नाही, पण आपल्या बाजूचीही नव्हती. १९५५ साली तिचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज मंत्र्याबरोबरच्या संयुक्त निवेदनात गोव्याचा उल्लेख पोर्तुगीज प्रांत असा केला, तेव्हा भारतात केवढा गदारोळ झाला होता. त्याच सुमारास ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात फिरत होते आणि गोवा तुमचाच असं जाहीर सांगत होते. पुढे १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत भारताने सैन्य मागे घ्यावं असा ठराव आला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान, सगळे नाटोवाले त्याच्या बाजूने. ठरावाला सात मतं पडली. सोव्हिएत व्हेटोने तो पाडला. फोंड्याचे माझे मामा शेवटपर्यंत रशियाला 'आपला माणूस' म्हणायचे ते यामुळे. त्यांना दोष नाही देत मी. पण मॉस्कोने ते काही आपल्या प्रेमापोटी केलं नव्हतं. नाटोच्या एका सदस्याची जगासमोर नाचक्की होत असताना ती संधी कोण सोडेल?

त्याच खुर्चीतून २५ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने पुन्हा व्हेटो वापरला. या वेळी युक्रेनवरच्या स्वतःच्याच हल्ल्याचा निषेध करणारा ठराव पाडायला. भारत तटस्थ राहिला. युक्रेनने १९९४ साली बुडापेस्टमध्ये अण्वस्त्रं सोडायचं कबूल केलं तेव्हा रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने त्याच्या सीमांचा मान राखायचं लिहून दिलं होतं. सैन्य पाठवायचं कुणीच लिहून दिलं नव्हतं. अण्वस्त्रांनी हल्ला झाला तर सुरक्षा परिषदेत मदत मागायची होती, म्हणजे जिथे रशिया बसलाय तिथेच. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद मागायची कुणाकडे?

आता ते गाजलेलं कलम ५. एकावर हल्ला तो सर्वांवर हल्ला, इथपर्यंत सगळ्यांना पाठ. पुढचं कुणी वाचत नाही. प्रत्येक देश त्याला 'आवश्यक वाटेल ती' कृती करेल, असं पुढे आहे. ती सैनिकी असू शकते, नसूही शकते. १९४९ मध्ये युरोपला आपोआप लागू होणारी हमी हवी होती, पण युद्ध पुकारायचा अमेरिकी संसदेचा अधिकार करारापायी गहाण टाकायला अमेरिकन सेनेट तयार नव्हतं. आजवर हे कलम एकदाच वापरलं गेलं, ११ सप्टेंबर २००१ नंतर, अमेरिकेसाठी. त्या युद्धात अफगाणिस्तानात चाळीसहून अधिक सैनिक गमावलेल्या चिमुकल्या डेन्मार्कला २०२५ मध्ये काय ऐकावं लागलं? तुमच्या ताब्यातलं ग्रीनलँड आम्हाला हवंय आणि लष्करी बळ वापरणार नाही याची खात्री देत नाही, असं खुद्द ट्रम्पकडून. त्याच वर्षी हेगच्या नाटो परिषदेला जाताना कलम ५ बद्दल विचारलं तर म्हणाले, त्याच्या बऱ्याच व्याख्या आहेत. लोक हसले. मला तर वाटतं, कराराचा इतका सरळ अर्थ आजवर कुठल्याच अमेरिकन अध्यक्षाने उघड सांगितला नव्हता.

राहिला 'नाटो दारात गेली' हा मुद्दा. फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये आत आला, रशियाला लागून १३०० किलोमीटरहून लांब सीमा घेऊन. त्याच्यावर हल्ला झाला नाही. हल्ला झाला तो जॉर्जिया आणि युक्रेनवर, ज्यांना २००८ मध्ये बुखारेस्टच्या नाटो परिषदेत 'तुम्ही कधीतरी सदस्य व्हाल' असं सांगून दारातच ताटकळत ठेवलं गेलं. अमेरिकेचे बुश घ्यायला निघाले होते, जर्मनीच्या मर्केल आणि फ्रान्सचे सार्कोझी अडून बसले. तडजोड म्हणून हे असलं वाक्य निघालं. संरक्षण शून्य आणि रशियाला चिथावणी मात्र पुरेपूर. पुतिनचा गुन्हा यामुळे तसूभर कमी होत नाही, पण बुखारेस्टच्या त्या मुत्सद्देगिरीला मी तरी माफ करणार नाही.

बाल्टिक देशांनी कलमापेक्षा माणसं मोजायचं ठरवलं ते मला पटतं. २०१७ पासून एस्टोनियात ब्रिटिश, लॅटव्हियात कॅनेडियन, लिथुआनियात जर्मन तुकड्या आहेत. आकाराने लहान, पण हल्ला झाला तर पहिल्याच दिवशी लंडन, ओटावा आणि बर्लिनला शवपेट्या जातील. मग 'आवश्यक वाटेल ती कृती' वर काथ्याकूट करायला कुणाला सवड राहणार नाही. लिथुआनियात तर जर्मनी आता पाच हजारांच्या आसपास माणसांची ब्रिगेड कायमची ठेवतोय, २०२७ पर्यंत पूर्ण करायचं ठरलंय. बेलारूसच्या सीमेजवळ रुदनिनकाईला तळ उभा राहतोय, सैनिकांच्या मुलांच्या शाळेची सोय पाहिली जातेय. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीने परदेशात कायमचं सैन्य ठेवायची ही पहिलीच वेळ, आणि तेही ज्या भूमीवर त्यांनी काय करून ठेवलंय हे जगाला ठाऊक आहे तिथे, यजमानांनी आग्रहाने बोलावल्यावर. हा खर्च जर्मन मतदार किती वर्षं सोसतो, हा खरा प्रश्न आहे, आणि त्यांची पुढची नियमित निवडणूक २०२९ ला आहे.