सातव्या दिवशी टाके काढा म्हणे!

'डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत' अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या नागपुरातल्या सोसायटीच्या, भिशीच्या आणि भजनी मंडळांच्या ग्रुपवर फिरून राहिला आहे. त्याचं सार असं: टाके सातव्या दिवशी घरीच काढा. नेलकटर गॅसवर लाल करा, गाठ कापा, दोरा ओढा, वरून हळद-तूप भरा. डॉक्टर फक्त फी लाटायला बोलावतात आणि उशीर केला तर टाके मांसात रुजतात. खाली जोडलेले हात, आणि 'दहा जणांना पाठवा'.

मी वाचून सोडून दिला असता, पण तो माझ्या सासऱ्यांकडे पोचला. संक्रांतीच्या आठवड्यात सक्करदऱ्याजवळ आडवा आलेला मांजा चुकवताना त्यांची गाडी घसरली आणि गुडघा फाटला. (नायलॉन मांजावर हरित लवादाची बंदी २०१७ पासून आहे. तरी दर जानेवारीत तो कुठून उगवतो ते विचारू नका.) त्यांना शुगर आहे, आणि मी नर्स. त्यामुळे चहाच्या कपासोबत मोबाईल पुढे आला: "बेटा, सात दिवस झाले ना आज? तूच काढून दे इथं. कायले जायचं उगाच तिकडं?"

"मामाजी, गुडघा आहे तो," एवढंच मी म्हटलं. आता बाकीचं लिहिते.

या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य नेलकटरचं नाही, 'सातव्या दिवशी' हे आहे. कुठल्या जागेचे टाके, किती खोल जखम, माणसाला शुगर आहे का, यातलं काही न विचारता सरसकट सात! चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, तिथले टाके साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी निघतात. डोक्याचे सात ते दहा दिवसांनी. पाय आणि सांध्यांवरचे दहा ते चौदा दिवसांनी, कारण गुडघा दर पावलाला वाकतो आणि जखमेच्या कडा ताणतो. शुगरवाल्यांची जखम मुळातच सावकाश भरते, त्यांना डॉक्टर आणखी थांबवतात. म्हणजे चेहऱ्याला सात उशीर, गुडघ्याला सात घाई.

"पण वरून तर चिकटलेली दिसते!" हो, दिसते. वरची कातडी दोन-चार दिवसांत मिटते, ताकद मात्र खालून भरावी लागते. लेव्हन्सन आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली 'अॅनल्स ऑफ सर्जरी'मध्ये उंदरांच्या कातडीवरचे प्रयोग छापले, त्यातले आकडे आजही शिकवले जातात. पहिल्या आठवड्याअखेर जखमेत मूळ कातडीच्या सुमारे ३ टक्के ताकद असते. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास जाते आणि तिथेच थांबते. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. पण तीन टक्क्यांच्या जोडावर जिना चढायचा सल्ला देणाऱ्याने आधी हे वाचावं.

मग डॉक्टर तीन महिने टाके का ठेवत नाहीत? इथे मेसेजला अर्धा मार्क द्यावा लागतो. जास्त दिवस राहिलेला टाका खरंच त्रास देतो. दोऱ्याच्या भोकाभोवती कातडी वाढते, रेल्वेच्या रुळांसारखे आडवे व्रण राहतात, कधी भोकात पू होतो. 'मांसात रुजतो' ही अतिशयोक्ती, पण मुळात खोटं नाही. म्हणूनच काढायचा दिवस हा दोन्ही बाजूंचा हिशेब असतो, आणि तो जखम बघून होतो. आम्ही बऱ्याचदा आधी एकाआड एक टाका काढतो. कडा हलल्या तर थांबतो, वर चिकटपट्ट्या लावतो आणि बाकीच्यांना पुढची तारीख देतो. मेसेजवाल्याने ही पायरी गाळली, कारण ती माहीत असती तर मेसेज लिहिलाच नसता. एकदा जखम उसवली की बहुतेक वेळा लगेच परत शिवत नाहीत. तळापासून भरू देतात, आणि मग कित्येक आठवडे ड्रेसिंग.

आता 'गाठ कापा, दोरा ओढा'. गाठच छाटली तर ओढणार काय? चिमट्याने गाठ उचलायची, तिच्या खाली कातडीला लागून एकाच बाजूचा दोरा कापायचा, म्हणजे इतके दिवस बाहेर मळलेला भाग जखमेतून ओढला जात नाही. ओढायचं जखमेच्या दिशेने, कडा फाकू नयेत म्हणून. आणि मोजायचं: घातले किती, निघाले किती. विरघळणाऱ्या टाक्यांना तर हात लावायचंच कारण नाही, आणि दोऱ्याऐवजी धातूच्या पिना (स्टेपल) मारल्या असतील तर त्यांचं वेगळं अवजार लागतं.

नेलकटर लाल केल्याने काजळी येते आणि धार जाते. हळद-तूप भाजीत घाला.

राहिली फी. एखादा साधा, लहान टाका डॉक्टरांनी जखम बघून "घरी काढा" म्हटलं तर प्रशिक्षित हाताने घरी निघू शकतो, हे मी नाकारत नाही. पण डॉक्टर लुटतात म्हणून स्वतः कापा, हा कुठला हिशेब? राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मेडिकल आणि मेयो ही नागपुरातली सरकारी वैद्यकीय कॉलेजांची रुग्णालयं त्या विभागाची नाहीत, तरी तिथला केसपेपर कुणाचं घर विकायला लावत नाही. गावी असाल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. टाके ज्यांनी घातले त्यांच्याकडेच जावं लागतं असंही नाही. सोबत दवाखान्याचं कार्ड न्या आणि त्यावर टाके कधी घातले, किती घातले, हे आधीच लिहून घ्या.