१२० तास कसे भरावेत

बारावी कॉमर्सला ६८ टक्के पडले की तुमचं कौतुक संपतं आणि चौकशी सुरू होते. ‘पुढे काय?’ असं विचारणाऱ्या काकांना नुसतं ‘बीकॉम’ म्हणून सांगू नका. बीकॉम आमच्या पिढीने केलं आणि त्याची फळं म्हणून आम्ही आज तुम्हाला उपदेश करत बसलोय. बीकॉम म्हटलं की काका ‘असू दे, असू दे’ म्हणतात. बीएमएस, म्हणजे मॅनेजमेंटची पदवी, म्हटलं की ‘फी किती?’ विचारतात. ज्या कोर्सची फी विचारली जाते तो चांगला, एवढं साधं गणित लक्षात ठेवा.

मुंबई विद्यापीठाने बीएमएस काढलं ते १९९९-२००० च्या सुमारास. पाठोपाठ बीएएफ, बीबीआय, बीएफएम अशी भावंडं आली. कुणाला हिशेबाची आवड, कुणाला बँकेची, कुणाला शेअर बाजाराची. डेबिट-क्रेडिट मात्र सगळीकडे तेच राहिलं, कारण सेल्फ फायनान्समध्ये, म्हणजे विनाअनुदानित कोर्सात, वेगळं डेबिट-क्रेडिट अजून कुणी काढलेलं नाही.

मग २०२४ मध्ये एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेने, बीबीए, बीएमएस, बीसीए ही मंडळी आपल्या छत्राखाली घेतली आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांना प्रवेश परीक्षा लावली. जागा लाखाच्या वर, पहिल्या परीक्षेला बसले सुमारे ४८ हजार. जगात प्रवेश परीक्षा असते ती माणसं गाळण्यासाठी. इथे गाळायला माणसंच कमी पडली. ऑगस्टमध्ये पुन्हा एक परीक्षा घ्यावी लागली. दरम्यान अनेक कॉलेजांनी शांतपणे बीएमएसचं बारसं नव्याने केलं: बीकॉम इन मॅनेजमेंट स्टडीज. बीकॉमला सीईटी नाही! वर्ग तोच, बाक तेच, सर तेच, पाटी नवी. व्यवस्थापनाचा पहिला धडा कॉलेजने प्रवेशाच्या खिडकीवरच फुकट शिकवला, तेव्हा पुढची तीन वर्षं काय कमी पडेल याची चिंता करू नका.

तर पाटी बघून प्रवेश घ्या. आत गेल्यावर नव्या शैक्षणिक धोरणाचा तक्ता हातात मिळेल: मेजर, मायनर, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस. हे शेअर बाजारातले समभाग नव्हेत, तुमचे विषय आहेत. कशाचं लाँग फॉर्म काय हे वर्षअखेरीपर्यंत कळलं नाही तरी पास होता येतं. या सगळ्यात एक अक्षरत्रयी मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळायची. ओजेटी. ऑन जॉब ट्रेनिंग. सहाव्या सत्रात ४ क्रेडिट, म्हणजे १२० तास प्रत्यक्ष कामाच्या जागी.

ही कल्पना मुळात परदेशी. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकाने १९०६ मध्ये २७ विद्यार्थी घेऊन ती सुरू केली: थोडे दिवस वर्गात, थोडे दिवस कारखान्यात. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ १९५७ मध्ये निघालं तेच या पायावर. तिथे अकाउंटिंगची पदवी घेणारा मुलगासुद्धा चार महिने वर्गात बसतो आणि चार महिने कंपनीत पगारी काम करतो, आलटून पालटून, म्हणून पदवीला जवळजवळ पाच वर्षं लागतात. याला ते ‘को-ऑप’ म्हणतात. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने घरी ‘मला को-ऑपला जायचंय’ म्हणून सांगितलं, तर वडील म्हणाले, ‘आपल्याकडे को-ऑपमध्ये पैसे अडकतात रे, तिकडे मिळतात?’ को-ऑप म्हटलं की हाउसिंग सोसायटी, पतपेढी आणि साखर कारखाना याखेरीज चौथी गोष्ट त्यांच्या डोळ्यांपुढे येत नाही. मुलगा गेला. वडील अजून ऊस कुठे पिकतो ते विचारतात.

आपल्याकडे हे नव्हतंच असं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तिथे मुलं राबायची आणि त्यावर शिकायची. ‘कमवा आणि शिका’. पण त्यात घाम यायचा. घामाने लॉगबुकचं, म्हणजे कामाचे तास नोंदवायच्या वहीचं, पान खराब होतं, म्हणून आता तसं करत नाहीत.

लॉगबुकवरून आठवलं, कारण या विषयात मी अधिकारी माणूस आहे. ठाण्याला माझं कर सल्लागाराचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. टॅली, जीएसटी, प्राप्तिकर, बाहेर चहावाला. दर वर्षी फेब्रुवारी उजाडला की दारात मुलं उभी राहतात. ‘काका, ओजेटी मिळेल?’ म्हणजे काम मिळेल का असं विचारत नाहीत बरं. सर्टिफिकेट मिळेल का, असं विचारतात. तेव्हा अनुभवाचे बोल ऐका.

जागा शोधताना मामाची कंपनी पहिली. मामा नसेल तर मामाचा मित्र. मोठ्या कंपनीच्या नादी लागू नका, ती एखाद वेळेस खरंच बोलावते. लेटरहेडवर जीएसटी क्रमांक आणि खाली गोल शिक्का पाहिजे, चौकोनी शिक्क्याला कॉलेजात मान नाही. १२० तास एका बैठकीत भरता येतात, पण तीन वेगळी पेनं वापरा. निळं, काळं, आणि एक संपत आलेलं. कॅलेंडर समोर ठेवा. मागच्या वर्षी एका चिरंजीवांनी २६ जानेवारीला ‘बँकेत जाऊन चेक भरले’ असं लिहून आणलं होतं. दुसऱ्याने दुसऱ्या शनिवारी. मी सही करताना म्हटलं, ‘अरे, बँक बंद असते.’ तर म्हणाला, ‘काका, सर एवढं बघत नाहीत.’ आणि खरंच बघितलं नाही.

कामाचं वर्णन कसं लिहायचं तेही सांगतो. ‘व्हाउचर फाइल केली’ असं लिहू नका. ‘दस्तऐवज व्यवस्थापन प्रणालीचा अभ्यास केला’. चहा सांगितला तर ‘भागधारकांशी समन्वय’. शेवटी ब्लॅक बुक, म्हणजे काळ्या पुठ्ठ्यात बांधलेला प्रोजेक्टचा अहवाल. मागच्या बॅचच्या कुणाचं तरी मिळतंच. नाव, रोल नंबर आणि वर्ष बदललं की झालं. आभाराच्या पानावर मात्र नीट लक्ष द्या. एका ब्लॅक बुकात माझ्या ऑफिसचे आभार होते आणि खालच्याच ओळीत एका ऑटोमोबाइल शोरूमच्या मॅनेजरचेही. त्या शोरूमने नेमकं काय मार्गदर्शन केलं ते मला अजून कळायचंय.

अपवाद असतात. ते टाळावेत म्हणून सांगतो. मागच्याच वर्षी एक मुलगी आली आणि सर्टिफिकेट मागायच्या आत म्हणाली, ‘काका, मी रोज दोन वाजता येऊ का?’ माझ्याकडे जादा खुर्ची नव्हती. ती स्टुलावर बसली. पहिला आठवडा नुसत्या बिलांच्या एन्ट्रीज पंच केल्या. दुसऱ्या आठवड्यात बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आपली वही आणि बँकेचं पासबुक जुळवणं, धरलं आणि तिसऱ्या दिवशी एका किराणा व्यापाऱ्याचं १८,४०० रुपयांचं बिल दोनदा चढलेलं शोधून काढलं. चढवलं होतं मी. मार्चच्या गर्दीत ती रात्री साडेआठपर्यंत थांबली, घरून दोनदा फोन आला. तिचे तास १२० वर थांबलेच नाहीत. १६० च्या पुढे गेल्यावर मी मोजणं सोडलं.

तिचं लॉगबुक कॉलेजने परत पाठवलं. एका पानावर चहाचा डाग होता, दोन ठिकाणी खाडाखोड, आणि तास ठरल्यापेक्षा जास्त. नमुन्यात बसत नाही म्हणाले. चेक भरणाऱ्या चिरंजीवांचं लॉगबुक त्याच टेबलावर होतं. स्वच्छ, तीन रंगांत, बरोबर १२० तास. तिच्यापेक्षा सात गुण जास्त पडले त्यांना. मुलीने नवीन लॉगबुक आणलं, माझ्यासमोर बसून एका दुपारी सगळं पुन्हा लिहिलं, आणि या वेळी तिच्याकडेही तीन पेनं होती.

मीच दिली होती.

असो. फेब्रुवारी जवळ आलाय. तुम्ही येणार असाल तर संध्याकाळी सहानंतर या, २० तारीख सोडून. त्या दिवशी जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायची शेवटची तारीख असते आणि मी कुणाशी नीट बोलत नाही. लेटरहेड आहे. गोल शिक्का आहे. पॅड वाळलंय, तेव्हा शाईची बाटली येताना घेऊन या. जांभळी.