खुलासा : लेकराचा वाहता कान ‘आपोआप साफ’ होत नसतो

आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘लेकराचा कान वाहते तं वाहू द्या, घाण निघून जाते. लसणाचं कोमट तेल सोडा. बोलणं पाच वर्षांपर्यंत येतेच.’ कृपया यावर विसंबू नका.

कानातून येतो तो बहुतेकदा पू असतो, आणि तो पडद्याला पडलेल्या छिद्रातून येतो. त्यात तेल सोडलं तर थेट मधल्या कानात जातं.

लहानग्यांची नाकापासून कानापर्यंतची नळी आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दी कानात उतरते. ठणका थांबतो, ताप उतरतो, पण पडद्यामागचं पाणी कधीकधी 3 महिनेही टिकतं. तोवर लेकराला ऐकू येतं ते कानात बोळे घातल्यासारखं. यवतमाळकडच्या एका अंगणात माय तूर पाखडत होती. थाळी पडली की दीड वर्षाची पोर दचकून वळायची. मायनं हळू हाक मारली तर मातीतच खेळत राहायची. घरचे म्हणायचे, ‘हट्टी आहे.’

एकदा-दोनदा कान दुखल्यानं बोलणं मागे पडत नाही, पाणी ओसरलं की बहुतेक मुलं सावरतात. पण कान वारंवार वाहत असेल, किंवा दीड वर्षाला एकही शब्द नसेल, तर ऐकण्याची तपासणी कराच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, तपासणी मोफत असते. पथक यायला वेळ असेल तर थांबू नका, प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.